शिकंदरचा कळप

आमच्या घरात चोर कधीच शिरला नाही. शिरला असता तर त्याचे फार हाल झाले असते.

हे मी आज सांगतो. त्या वेळी मात्र चोराच्या नुसत्या कल्पनेनं मी वाळत चाललो होतो. लढाईचा काळ होता. मी सांगलीच्या कॉलेजातून बी. ए. होऊन (आमच्या सगळ्या भावकीत पहिला, हे आबा, म्हणजे माझे वडील, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही थांबवून सांगत) लोणंदला इंग्रजी शाळेत मास्तर झालो होतो. स्टेशनापासून जवळच अण्णासाहेबांचं घर भाड्यानं घेतलं होतं. अण्णासाहेब हे सांगलीकडून येऊन लोणंदात भुसाराचं दुकान थाटलेले जैन गृहस्थ. बोलायला मऊ, पण दिवस मावळायच्या आत जेवण्याच्या बाबतीत कडक. घरात मी, बायको हिरा, दोन मुली, आणि तिसरं मूल वाटेवर. अशात शेजारच्यांचा तांब्याचा हंडा परसातून गेला.

एकटा माणूस दार नुसतं ओढून घेतो आणि फिरायला जातो. कुटुंब वाढलं की तो विचार करायला लागतो. मला तर विचार करण्याची पदवीच मिळालेली होती. बी. ए.ला माझा विषय तर्कशास्त्र.

चोर परसातून येतो, तेव्हा परसाचं दारच नको, हे पहिलं अनुमान. मी त्या दारावर आडव्या फळ्या ठोकून ते कायमचं बंद केलं. खिळे असे लांब, की ठोकताना पलीकडून कोणी उभं असतं तर त्याला टोचले असते. हिरानं शांतपणे विचारलं, "आवं, चोर रिकामा हंडा न्हील म्हनून दार मारलंत. आता भरला हंडा घिऊन आडावरनं मी अख्ख्या घराला वळसा घालू व्हय?" तिचे दिवस भरत आलेले. त्यामुळे त्या दिवसापासून हंडा मी वाहू लागलो. (अनुमानाचा हा भाग आम्हाला शिकवलेला नव्हता.)

मग खिडक्यांना गज बसवले. ते इतके जवळजवळ, की धाकटीचा हात अडकला आणि तेल लावून काढावा लागला. मग अंगणाच्या भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा लावल्या. त्या काचांना पहिली सापडली ती हिरानं वाळत टाकलेली गोधडी, आणि दुसरा सापडलो मी, गोधडी सोडवताना. शेवटी पुण्याहून एक कुलूप आणलं. ते वजनाला एवढं होतं, की चोराच्या डोक्यात घातलं असतं तरी काम झालं असतं. पण बाळंतपणासाठी गावाहून आई आली आणि कुलूप खुंटीलाच राहिलं. आमच्या गावात दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असणं. "दाराला कुलूप बघून लोक काय म्हंतील?" ती म्हणाली. "मास्तर परागंदा झाला म्हंतील."

मुलगा झाला. आता घरात रुप्याचे वाळे येणार, तांब्याची भांडी येणार, बारशाला माणसं येणार, म्हणजे गर्दीत चोरही येणार. माझी झोप उडाली. तेव्हा नातू बघायला आलेल्या आबांनी निकाल दिला. "कुलपाला डोळं न्हाईत, भितीला तोंड न्हाई. कुत्र्याला दोनीबी हायती." एवढं बोलून ते म्हसवडकडे गेले आणि ओळखीच्या एका धनगराकडून कुत्रा घेऊन आले.

कुत्रा कसला, दाढी न केलेला वाघच तो. रंगानं काळा, छातीनं रुंद, डोळ्यांत एक प्रकारचा सरकारी भाव. मी त्याचं नाव जगज्जेत्याच्या नावावरून सिकंदर ठेवलं. आईच्या तोंडी त्याचा शिकंदर झाला, आणि तो त्याच नावाला ओ देऊ लागला. दोन दिवस अंगणाबाहेरच्या कडुलिंबाला साखळीनं बांधून ठेवला. बारशाच्या दिवशी सकाळी मी विचार केला, की राखणीचा कुत्रा साखळीला आणि चोर मोकळा, हे काही तर्काला धरून नाही. मी स्वतः साखळी सोडली. शिकंदर आत आला, अंगणाच्या फाटकात बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं मी म्हणतो खरं, पण त्या वेळी नुसते येणारेच होते.

बायका आल्या. तो भुंकला नाही. अण्णासाहेब छत्री घेऊन आले, त्यांच्याकडे पाहून त्यानं शेपूटही हलवली. माझा धाकटा भाऊ सर्जेराव आदल्या दिवशीच पलटणीतून आलेला होता. तो म्हणाला, "दादा, कुत्रं लय शिस्तीचं हाय." पलटणीतल्या माणसानं शिस्तीचं सर्टिफिकेट दिल्यावर मला चार बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

सर्जेरावाची रजा त्याच दिवशी संपत होती. दिवेलागणीच्या गाडीनं पुण्याला जाऊन सकाळच्या हजेरीला उभं राहायचं. नुकतीच दंडावर तिसरी पट्टी चढून तो हवालदार झाला होता, आणि वरचा नवा साहेब असा होता की हजेरी चुकली तर पट्टी उतरवूनच बोलायला सुरुवात करी. आबांना माझ्या पदवीइतकीच त्या पट्टीची घमेंड. फरक एवढाच, की पदवी लोकांना हात लावून बघता येत नसे आणि पट्टी येत असे.

पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. बायका जायला उठल्या. शिकंदरही उठला. पुढच्या बाईच्या पदराचं टोक त्यानं अलगद दातांत धरलं आणि तिला वळवून ओसरीवर आणून सोडलं. सगळ्या हसल्या. दुसरी गेली, तीही परत आली. तिसरी गेलीच नाही. मग अण्णासाहेब "काय बाई घाबरता," असं म्हणत छत्री टेकत निघाले आणि उपरण्याला धरून परत आले. ते उन्हाकडे पाहू लागले. ऊन भिंतीवर चढलेलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी कांदा नाही असा एकही पदार्थ नव्हता, आणि त्यांच्या घरी ताट वाढून ठेवलेलं.

मी आबांना एका बाजूला घेतलं. तेव्हा त्यांनी जी माहिती दिली ती आधी दिली असती तर बरं झालं असतं. धनगर लोक मेंढरं जाळ्याच्या कुंपणात कोंडतात, त्याला वाघर म्हणतात. त्या वाघरीतून एकही मेंढरू बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच या कुत्र्याला जन्मापासून ठाऊक.

"आणि बाहेरून आत कोणी आलं तर?" मी विचारलं.

"आत आलं तर बरंच की. कळप वाढतूय."

म्हणजे ज्या चोरापासून राखण करायला हा कुत्रा आणला, त्या चोराचं त्यानं शेपूट हलवून स्वागत केलं असतं. फक्त घरी जाऊ दिलं नसतं.

साखळी बाहेर कडुलिंबाला. कडुलिंब फाटकाच्या पलीकडे. फाटकात शिकंदर. आबा "मी आनलाय त्येला, मला वळखतोय" म्हणत गेले आणि धोतराच्या सोग्याला धरून परत आले. ओळख होती, असं ते म्हणाले, म्हणूनच हळू धरलं. सर्जेरावानं पलटणीतल्या हिंदीत दोन हुकूम सोडले. शिकंदरनं ते बसून ऐकले. मग सर्जेरावानं ट्रंक उचलली आणि परसाचं दार गाठलं. तिथं माझ्या फळ्या. खिडकी पाहिली, तिथं माझे गज. भिंतीवर चढायला गेला आणि वरच्या काचांकडे आणि स्वतःच्या इस्त्रीच्या पँटीकडे आळीपाळीनं बघत उभा राहिला. वर्दी फाडून हजर होणं हाही त्यांच्यात गुन्हाच.

"दादा," तो म्हणाला, "आमी जर्मनाची ठाणी बघितली. असा बंदोबस्त कुटं बघितला न्हाई."

दुसऱ्या एखाद्या दिवशी मला हे ऐकून बरं वाटलं असतं. आता मात्र त्याचा हात एकसारखा दंडावरच्या पट्टीकडे जात होता. लांबून नीरेकडच्या बाजूला कुठंतरी शिट्टी झाल्यासारखी वाटली. ती गाडीची नव्हती, पण आम्हा सगळ्यांची तोंडं उतरली.

तेव्हा आई बोलली. तिचं माहेर माणदेशातलं. ती म्हणाली, मेंढरं चरायला निघतात तेव्हा कुत्रं आडवं येतं का? समदा कळप हालला की ते आपसूक संगं चालतं. तेव्हा एकट्या सर्जेरावाला काढायचं नाही, सगळ्यांनी मिळून स्टेशनावर जायचं.

आम्ही सगळे फाटकाशी गोळा झालो. मी, आबा, आई, ट्रंक घेतलेला सर्जेराव, मुली, अण्णासाहेब, घुगऱ्यांची परात घेतलेल्या बायका. शिकंदरनं सगळ्यांवरून नजर फिरवली, दोन पावलं मागं सरला, आणि एकदम पुन्हा फाटकात आडवा बसला. घरात बाळ रडलं होतं.

"बाळंतीण ऱ्हायली आत," आई म्हणाली. "त्येला कळप अपुरा दिसतूय."

बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. आईनं सर्जेरावाच्या दंडाकडे पाहिलं, आत गेली, हिराच्या डोक्याला घट्ट फडकं बांधलं, बाळाला शालीत गुंडाळून गालावर काजळाची मोठी तीट लावली आणि दोघांना बाहेर आणलं. हिरा माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "तुमचं तर्कशास्त्रबी घ्या संगं. मागं ऱ्हायलं तर परत फिरवील त्यो."

शिकंदर उठला. आम्ही निघालो. आबा कडुलिंबाच्या साखळीकडे वळले, त्यांना सोग्याला धरून कळपात घेतलं.

लोणंदच्या बाजारातून आमचा तो कळप चालला. पुढं सर्जेराव, मधे बाया-मुलं, कडेनं जीभ काढून डौलात चालणारा शिकंदर. धाकटी मुलगी खेळण्यांच्या दुकानाकडे वळली, त्यानं झग्याला धरून तिला आत घेतलं. अण्णासाहेबांनी स्वतःच्या घराच्या बोळाकडे एक पाऊल टाकलं, त्यांनाही घेतलं. बोळाच्या तोंडाशी त्यांची बायको उभी होती. अण्णासाहेब तिच्यासमोरून छत्री टेकत पुढं गेले. चळवळीचे दिवस होते, चार माणसं एका दिशेनं चालली तरी पोलीस आडवे येत. चौकात एक जमादार दंडुका आडवा धरून पुढं झाला आणि कसला मोर्चा आहे, पुढारी कोण आहे, असं विचारू लागला. बायकांनी एकमतानं माझ्याकडे बोट केलं. आईनं त्याच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. तो घुगऱ्या खायला दोन पावलं आत आला, आणि मग त्यालाही स्टेशनापर्यंत यावं लागलं.

गाडी उभीच होती. सर्जेरावानं ट्रंक आत ढकलली, पायरीवर पाय ठेवला, आणि शिकंदरनं त्याची पँट धरली. अलगदच धरली होती, पण त्या अलगदपणात सगळे दात होते. गार्डनं हिरवं निशाण बाहेर काढलं. आबांचा चेहरा मला बघवेना. माणसं ओढत होती, सर्जेराव एका पायावर, जमादार "सोड, सरकारी कापड हाय" म्हणून कुत्र्याला कायदा सांगत होता.

आणि तेव्हा तर्कशास्त्र कामाला आलं. एक कुत्रा एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. सर्जेरावापेक्षा मोठं संकट कळपावर यायला हवं. मी कळपातून बाहेर पडलो आणि फलाटावरून उलट्या दिशेनं पळत सुटलो. नुसत्या पळण्यानं त्याचं लक्ष जाईना. मग मी, लोणंदच्या इंग्रजी शाळेचा मास्तर, फलाटभर उतारू असताना, दोन्ही हात वर करून मोठ्यानं "बें" केलं.

शिकंदरनं पँट सोडली.

तो माझ्यामागं आला तो बाणासारखा. फलाट संपतो तिथं, पाण्याच्या टाकीजवळ, त्यानं माझा काष्टा पकडला. तेवढ्यात गाडी हलली. एका हातानं धोतर आणि दुसऱ्या हातानं टाकीचा खांब धरून मी उभा असताना सर्जेरावाचा डबा माझ्यासमोरून गेला. तो दारात ताठ उभा होता, तिन्ही पट्ट्यांसह. त्यानं मला कडक सॅलूट ठोकला. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मला तो परत करता आला नाही.

शिकंदरनं मला मागं मागं चालवत कळपात आणून सोडलं. आबा डोळे पुसत होते. कशामुळे ते मी विचारलं नाही. जमादारानं मात्र विचारलं, "मास्तर, समदी हितं हायसा, तर घरी कोन हाय?"

घरी कोणीच नव्हतं. फाटक सताड उघडं, दार उघडं, रुप्याचे वाळे पाळण्यात, कुलूप खुंटीला. मला धावत सुटावंसं वाटलं, पण मघाच्या अनुभवानंतर मी कळपाच्या चालीनंच चाललो. घर जसंच्या तसं होतं. आम्ही सगळे आत गेलो, जमादार आणि अण्णासाहेबही. अण्णासाहेब दिवस मावळल्यामुळे उपाशीच राहिले, आणि शिकंदर समाधानानं फाटकात आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सगळा कळपच कडुलिंबाखाली नेऊन आबांनी त्याला साखळी घातली आणि ते त्याला माघारी घेऊन गेले. तो जाताना मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण खरं बोलायचं तर त्याच्या कामात खोट काढायला जागाच नव्हती. एवढा मोठा कळप भर बाजारातून त्यानं सुखरूप नेला आणि आणला. वाट सोडून पळालं असं मेंढरू त्यात एकच निघालं, आणि ते पदवीधर होतं.