चौदा विहिरी, शून्य जंतू

आमच्या महाविद्यालयात जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने ‘संशोधन’ करावे, असा नियम आहे. बहुतेक विद्यार्थी मोबाइलच्या काचेवर जंतू असतात का, हे तपासतात. ते असतात, हे दरवर्षी नव्याने सिद्ध होते आणि विभागप्रमुख डॉ. फिनबार लाली दरवर्षी नव्याने थक्क होतात. प्रयोगशाळेचा व्यवस्थापक या नात्याने त्यांचे हे थक्क होणे मी तेवीस वर्षे जवळून पाहतो आहे. म्हणून डर्वला हेनेगनने स्वतःच्या गावातल्या विहिरी तपासायचे ठरवले, तेव्हा या मुलीला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचे आहे, अशी मला शंका आली. आमच्याकडे तशी प्रथा नाही.

डर्वला नॉकडूराची. पश्चिम आयर्लंडच्या नकाशावर हे गाव सापडले तर तो छपाईचा डाग समजावा. वडिलांच्या चाळीस गाई, आई असुम्ता चर्चमध्ये फुले लावणारी, आणि मुलगी अशी अबोल की वर्गात तिची हजेरी घेणाऱ्यालाही तिचा आवाज आठवत नसे. आदल्या उन्हाळ्यात घरातच राहणारी तिची आत्या रक्ताच्या हगवणीने तीन आठवडे रुग्णालयात होती. डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवले, गावाने एका लग्नात खाल्लेल्या कोंबडीकडे. सरकारी नळयोजना नॉकडूराने दोनदा मतदान करून परत पाठवली होती. कारण काय, तर नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. तिसरे मतदान मार्चमध्ये होते आणि त्याआधी डर्वलाला आकडे हवे होते.

आमच्या नीतिसमितीने उदार मनाने परवानगी दिली. अट एवढीच, की प्रत्येक घराला चौदा दिवस आधी लेखी कळवावे. समितीच्या सातही सदस्यांच्या घरी नळ आहे.

डर्वला चौदा घरी गेली, चौदा बाटल्या भरल्या आणि चौदा कप चहा प्यायली. चहा नाकारून नमुना मागणे हे आमच्याकडे उंबऱ्यावर थुंकण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या बशा उघडल्या, तर चौदाही कोऱ्या. डॉ. लाली इतके थक्क झाले की त्यांनी लगेच छायाचित्रकार बोलावला. ‘देशातले सर्वांत निर्मळ गाव’ हे शीर्षकही त्यांना सुचले. इतर काही सुचल्याचे स्मरत नाही.

डर्वला मात्र माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

“सर, हे शून्य खोटं आहे.”

“कशावरून?”

“चहावरून. तिसऱ्या घरापासून चहाला पोहायच्या तलावाची चव यायला लागली.”

पत्र मिळताच गावाने विहिरीत ब्लीच ओतले होते. नमुन्याच्या बाटलीत क्लोरिन मारणारी भुकटी आधीच घातलेली असते, त्यामुळे पाण्यात पुरावा उरला नव्हता. ती भुकटी मीच घालतो. काटेकोरपणे.

त्या शनिवारी तिने आईला विचारले. “आई, तूसुद्धा?”

“मग काय करू? कॉलेजची माणसं दारात येणार आणि मी घाण विहीर दाखवू? फादर घरी मिस्सा सांगायला येणार असले की आपण भिंती रंगवतो की नाही?”

“कॉलेजची माणसं म्हणजे मीच होते ना!”

“म्हणूनच, बाळा. तुझी मान खाली जायला नको.”

पुन्हा नमुने घ्यायचे, तर पुन्हा चौदा दिवसांचे पत्र आणि पुन्हा ब्लीच. समितीला मी हे तीन पानांत समजावले. ‘नोंद घेतली’ असे दोन शब्दांत उत्तर आले. शेवटी ब्लीच वाहून जाईपर्यंत डर्वला थांबली आणि कुणालाही न सांगता तिने एकाच घरचे पाणी घेतले. स्वतःच्या.

मतदानाच्या सभेला तिने मला बोलावले होते. डॉ. लालींनी भिंतीएवढा रंगीत फलक पाठवला होता. डर्वलाने सांगितले, “चौदा घरं, शून्य जंतू,” आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

“मग नळ घालायचा कुणाच्या नरड्यात?” गाईंचा दलाल मालाकी मागून ओरडला.

“दुसऱ्यांच्या घरचं मी बोलणार नाही,” डर्वला म्हणाली. “आमच्या घरचं सांगते. पत्र आल्यावर माझ्या आईनं विहिरीत ब्लीच ओतलं. ते गेल्यावर मी परवा पुन्हा पाणी घेतलं.” तिने झाकणबंद बशी वर धरली. “एक निळा ठिपका म्हणजे शेणातनं नाहीतर संडासातनं आलेला एक जंतू. हे बहात्तर आहेत. आत्या हेच पाणी पीत होती.”

असुम्ताबाई दुसऱ्याच रांगेत होत्या. त्यांची लालबुंद झालेली मान मला मागूनही दिसली. शेजारीण फिलोमिना हळहळून म्हणाली, “अगं बाई, असुम्ता! तुझ्याकडे? आणि आम्ही तुला एवढी स्वच्छ समजत होतो.”

असुम्ताबाई उठल्या.

“फिलोमिना, दुकानातली शेवटची बाटली तू माझ्या हातातनं ओढून नेलीस. ती काय केसांना लावायला?”

“मी फरशी पुसली!”

“तीन बाटल्यांनी? अशी केवढी फरशी आहे गं तुझी? विमानं उतरतात का तिच्यावर?”

पुढचा अर्धा तास कोणी किती ओतले, याची परस्पर उजळणी झाली. “मी दोनच ओतल्या!” हे मालाकीने अभिमानाने सांगितले आणि मग तो एकाएकी खाली बसला. नळयोजना एकतीस विरुद्ध बावीस मतांनी मंजूर झाली.

विभागाचे पारितोषिक अर्थातच मोबाइलच्या काचेला मिळाले. डर्वलाचा प्रबंध जेमतेम उत्तीर्ण झाला. सहभागी व्यक्तीचा निकाल संमतीविना उघड केल्याबद्दल समितीने तिला लेखी समज दिली आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्या व्यक्तीलाही पत्र पाठवले: आपली काही तक्रार आहे काय?

असुम्ताबाईंचे उत्तर माझ्याच हातून नोंदवहीत गेले. “होय, आहे. सभेत आमच्या एकट्याच घरची बशी होती. बाकीच्या तेरा कुठे होत्या?”