अजून लिहिलेलं नाही

कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली अर्धवट जागा फिलोमिना मिस कधी लपवत नसत. जो भाग लिहायचा राहिला असेल तिथे त्या एक ओळ टाकत. तिथवर आलं की प्रोग्राम थांबे आणि पडद्यावर लाल अक्षरं येत : ‘हे अजून लिहिलेलं नाही. – फिलोमिना.’

“नाव कशाला, मिस?” मी नवा होतो, विचारलं.

“शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला नको का, बाबा?” आणि डब्यातलं सुकेळं, वसईचं उन्हात वाळवलेलं केळं, माझ्यापुढे सरकवलं.

तुळिंजला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. एका नर्सिंग होमचं काम चालू होतं. रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, हे तपासणारा भाग राहिला होता. तिथे मिसची लाल ओळ होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमचे मालक म्हणाले, “ती काढा. सगळ्यांना ‘अ‍ॅलर्जी नाही’ दाखवा. पाहुण्यांसमोर अडायला नको.”

“सर, रिकाम्या खोलीला मी कुलूप लावीन. आत डॉक्टर बसलाय, असं नाही सांगणार,” मिस म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांना कामावरून काढलं. ओळ मी बदलली. याच बोटांनी.

महिन्याभरात अर्नाळ्याच्या एका कोळणीला पेनिसिलीन टोचलं गेलं. ते सोसत नाही, हे तिने दाखल होतानाच सांगितलं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, ‘अ‍ॅलर्जी नाही’. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. मालक नर्सिंग होमच्या डॉक्टरांना म्हणाले, “जुन्या मॅडमची चूक.”

मी वसईला मिसच्या घरी जाऊन सगळं ओकलो. त्यांनी शेवटच्या दिवशी काढलेला प्रोग्रामचा प्रिंटआउट कपाटातून घेतला. “चल.”

डॉक्टरांच्या केबिनमध्ये, मालकांसमोर, त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “ही माझी. हिच्या जागी आली ती कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो. “लिहायला सांगितली या सरांनी.”

मालकांचं काम गेलं, माझी नोकरीही. बाहेर मिस हसल्या. “येशू माफ करील त्याला. मी नाही.”

मीही नाही. मिस यंदा गेल्या. आम्ही जुने लोक त्यांची स्मरणिका काढतोय, तर मालकांचा निरोप आला : “माझ्या नावाने चार चांगल्या ओळी तूच लिही. पान भरून टाक.”

पान मी कोरं ठेवलंय. खाली फक्त लाल अक्षरांत छापलंय : ‘इथे सरांची माफी यायची आहे. अजून लिहिलेली नाही.’

आणि त्याखाली, मिसनी शिकवल्याप्रमाणे, माझं नाव.