शांतलिंग मॅनेजरच्या फोनचा मुक्काम

तुळजापुरात शांतलिंग मॅनेजरच्या लॉजवर उतरलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास आठवते. खोली चोवीस तासांची, पण बारा तास झाले की हा गडी दारावर हळूच टकटक करणारच. "मुक्काम वाढवायचा का हो? आत्ताच सांगून टाका, म्हणजे खोली तुमचीच. निवांत पडा." शेवटच्या घटकेला माणसाची धांदल होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षांत त्यानं कुणाला वेळ भरली म्हणून हाकललेलं न्हाय.

असा हा माणूस त्या पौर्णिमेला चक्क खोटं बोलला!

झालं असं, की त्याची लेक अक्षदा, तिच्या पोरीचं बारसं होतं, तिकडं हैदराबादला, दुपारी बाराला. पहिलीच नात. पण पौर्णिमेच्या गर्दीत लॉज सोडून जाणार कसं? मग ठरलं, व्हिडिओ कॉलवर बघायचं. आता गर्दीत मोबाईलचं नेट कुठलं चालतंय, सगळी भिस्त लॉजच्या वायफायवर.

सकाळी सहाला त्यानं काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर वायफायची यादी उघडली. वायफाय बसवणाऱ्या कुमारनं सांगितलं होतं, जोडलेल्या प्रत्येक फोनला राऊटर एक नंबर देतो, पत्त्यासारखा, बारा तासांच्या मुदतीनं. अन् असे पत्ते साठच. शांतलिंगच्या फोनपुढं लिहिलेलं, बाकी सहा तास पाच मिनिटं.

त्यानं बोटांवर मोजलं. बारा वाजून पाच. म्हणजे ऐन पाळण्यात!

मुदत संपली अन् तेवढ्यात दुसऱ्या कुणी पत्ता उचलला तर? भिंतीवरचा पासवर्डचा कागद त्यानं टराटरा फाडला अन् खिशात कोंबला.

नवाला माकणीच्या विठाबाई काउंटरशी आल्या, सत्तरी उलटलेली बाई. "बाबा, वायफाय दे की. मालक अंथरुणाला खिळल्यात. गच्चीवरनं कळस दिसतुया, त्यास्नी दावते."

"बंद हाय, मावशी."

"बंद? मग त्यो डबा कशाला डोळं मिचकावतुया?"

शांतलिंगनं मान खाली घातली. विठाबाई गुडघ्यावर हात टेकत जिना चढून गेल्या. अन् मग ह्याला चहाच जाईना. जिन्याकडं बघवंना. साडेदहाला न राहवून त्यानं कुमारला फोन लावला, सगळं ओकून टाकलं.

कुमार हसतच सुटला. "काका, आता बघा बरं, किती बाकी दिसतंय?"

"सात तास पस्तीस मिनिटं... आरं, वाढलं कसं? म्या हातबी लावला न्हाय!"

"लावायचाच नसतो! निम्मी मुदत सरली की फोन आपणहून राऊटरला विचारतो, राहू का अजून? राऊटर म्हणतो, राहा. की पुन्हा बारा तास. तुम्ही बघितल्यावर पाचच मिनिटांत विचारलं असणार त्यानं. तुमच्या फोनचा पत्ता कुणी पळवत न्हाय, काका. तुमचीच रीत हाय ही, फक्त इथं पाहुणाच येऊन विचारतो."

शांतलिंग दोन-दोन पायऱ्या घेत गच्चीवर गेला.

"मावशी, म्या खोटं बोललो."

"ठावं हाय. एवढ्या मोठ्या माणसाला खोटंबी धड बोलता येत न्हाय," विठाबाई म्हणाल्या, पण फोन लगेच पुढं केला.

त्यानं स्वतःच पासवर्ड टाकून दिला. पडद्यावर विठाबाईंचे मालक आण्णासाहेब आले, अंथरुणात, दाढी वाढलेली. कळस दिसताच त्यांनी हात जोडले. अन् विठाबाई? डोळं पुसत विचारतायत, म्हशीला पाणी पाजलं का!

बोलता बोलता बारा वाजले अन् शांतलिंगचाच फोन वाजला.

"आप्पा, दिसतंय का?"

"दिसतंय गं!"

पाळणा दिसला, मुठी दिसल्या, बारा वाजून पाच कधी झाले कळलंबी न्हाय. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं.

"मोठ्यानं सांगा की!" विठाबाई मधेच डोकं घालून ओरडल्या. "आमी काय मोबाईलला कान लावून बसावं?"

"इरा," अक्षदा हसली. "आप्पा, तुमच्या आईचं, इरम्माचं नाव ठेवलंय."

शांतलिंगला आई आठवली अन् हातातला फोन तिरका झाला. मग विठाबाईंनीच तो सावरून धरला अन् पाळणा म्हणायला लागल्या, सूर चुकला तरी थांबल्या न्हाईत. खाली काउंटरवर कुणीतरी घंटी बडवत होतं. बडवू दे, म्हणला शांतलिंग, अन् फोनवर दिसणाऱ्या त्या एवढ्याशा तोंडाकडं बघत राहिला.