आई, व्हिसा अजून बंदच आहे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि तो तर तेव्हा माझ्याच शेजारी, ओल्या वाळूत पाय पसरून बसला होता.

आधी त्या किनाऱ्याचं सांगू? सांगतेच, राहवत नाही. इथे कुवेतला, सलवा भागातल्या आमच्या इमारतीखाली उन्हाळ्यात गाडीचं दार उघडायलासुद्धा फडकं लागतं. आणि तिथे, त्या ग्रीक बेटावर — तिन्ही बाजूंनी टेकड्या, मध्ये मऊ वाळूची चिमुकली पट्टी, वाऱ्याला आत शिरायला वाटच नाही. लाट म्हणून नाही. माणसं आम्हाला धरून नऊ. मी अंगावरच्या ड्रेससकट पाण्यात धावले! मिरकाबच्या ऑफिसात दिवसभर आकडे तपासणारी, चाळिशी उलटलेली बाई — चक्क ओरडत धावले. लेक म्हणाली, “मॉम, पीपल आर लुकिंग.” बघू देत की!

इतकी खूश मी आयुष्यात कितीदा झाले असेन? तेच तर सांगायला जड जातंय.

माझी आई नाशिकला एकटी असते. माझं कुवेतचं घर बघायचं म्हणून तिने सत्तरीत पासपोर्ट काढला आणि नेमका इथला फॅमिली व्हिजिट व्हिसा बंद झाला. दर शुक्रवारी फोनवर विचारायची, उघडला का गं? मी सांगायचे, नाही. तेव्हा ते खरंच होतं.

मग एक दिवस उघडला. ऑफिसात पेढे वाटले गेले — कुणाची सासू येणार, कुणाचे वडील. मीही एक खाल्ला. पण आमची ग्रीसची तिकिटं नुकतीच काढून झाली होती, आणि रजा तेवढीच शिल्लक होती. आई आली असती तर बेट राहिलं असतं. पुढच्या वर्षी गेलो असतो, नाही का? हा विचारसुद्धा मी मनात येऊ दिला नाही. शुक्रवारी तिने विचारलं आणि मी — किती सहज! — म्हणाले, अजून बंदच आहे गं. नवऱ्याला सांगितलं, आई थंडीत येते म्हणाली.

परतल्यावर पहिल्या शुक्रवारी तिला सांगायचं ठरवलं होतं. बुधवारी ती मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते, विमान कुठलं?

तिला जरा बरं वाटल्यावर मी फोनवर विषय काढला — “आई, तो व्हिसा...”

तिने मला थांबवलं. “जाऊ दे गं. सरकारपुढे तुझं काय चालणार? तू काय कमी धडपडलीस?”

मी “हो” म्हणाले.

आणि तो किनारा — तो आठवला की मला आजही तितकाच आनंद होतो.