उंटाचा डावा आरसा

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी करडीतल्या माझ्या मेडिकल दुकानात एका आजींना रक्तदाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होतो. फोन ठेवला आणि आजींना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण कुठे थांबलो होतो तेच आठवेना. मग शटर ओढलं आणि वरठीला निघालो. सकाळी आंघोळीला जातो म्हणून उठला आणि न्हाणीघराच्या दारातच बसला, एवढंच. हृदयविकार. वय सत्तेचाळीस. त्याला आता सहा आठवडे झाले आहेत आणि माझ्याकडून एक गोष्ट कुठेतरी लिहिली जायला हवी, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही तुमसरच्या कॉलेजात एका बाकावर होतो. पुढे तो वरठीच्या कारखान्यात क्रेनवर लागला. आठ तास उंचावरच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली वावरणाऱ्या माणसांकडे लक्ष ठेवत माल उचलायचा, हे त्याचं काम. चाळिशी ओलांडल्यावर दोघांनाही मोटारसायकलचं खूळ लागलं. घरच्यांनी कपाळाला हात लावले. मी बसकी स्पोर्ट बाइक घेतली, तिच्यावर टाकीला पोट टेकवून बसावं लागतं. त्याने उंच ॲडव्हेंचर बाइक घेतली, तिच्यावर खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसता येतं. मी तिला उंट म्हणायचो. तो मला, म्हणजे गाडीला नव्हे, मलाच, नाकतोडा म्हणायचा. दुमडून बसलेला मी तसाच दिसतो, असं त्याचं मत होतं. फोटो पाहिल्यावर मलाही ते नाकारता आलं नाही.

आमच्या जिल्ह्यात घाट म्हणावा असा घाट नाही. पण तुमसरच्या पुढे आंबागडच्या डोंगरांकडे जंगलातून जाणारे रस्ते चांगलेच वळणाचे आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही तिकडे जायचो आणि सहा वर्षं एकाच मुद्द्यावर भांडायचो, वळणावर कोणती गाडी सरस? माझं म्हणणं साधं होतं. स्पोर्ट बाइकचं वजन खाली आणि पुढच्या चाकावर असतं. झुकवली की ती रस्ता धरून ठेवते, मनात आलं की वळते. उंटाला ब्रेक मारला की तो आधी पुढून वाकतो, मग सावरतो, मग वळायचं मनावर घेतो. प्रमोद हे सगळं मान्य करायचा आणि शेवटी म्हणायचा, "साफ रस्ता तुहा, हाये तसा रस्ता माहा." खड्डा, गिट्टी, शेण, मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाया... हे सगळं त्याला झुडपांच्या वरून आधी दिसायचं. मला पुढचं चाक आणि त्याची पाठ दिसायची.

ती पाठ हेच माझं दुखणं होतं. वेगात माझी गाडी त्याच्या गाडीला कुठल्या कुठे सोडेल, पण जंगलात शिरलं की तो कायम पुढे. मी बाजूने निघायला लागलो की डावा हात वर करायचा. मागे राहा, असा त्याचा अर्थ मी घ्यायचो. एवढा दिलदार माणूस, पण याला हरणं सोसत नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका दिवाळीनंतर त्याने असाच हात वर केला आणि मी इरेला पेटून वळणातच गाडी बाहेर काढली. पुढे रस्त्याच्या उजव्या अर्ध्या भागात धान वाळत घातलेलं होतं. धानावर चाक गेलं की मग ब्रेक, झुकवणं, कसब, सगळं फुकट. गाडी एकीकडे, मी दुसरीकडे, आणि एक म्हातारा काठी घेऊन धावत आला. "चालवता येत नाही तं चालवता कायले? माह्या धानाचा सत्यानाश केला नं!" माझ्या कोपराचं रक्त त्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

म्हाताऱ्याच्या पाठोपाठ, पुढे निघून गेलेला प्रमोद हजर. त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं आणि धानात आवाजही फारसा झाला नव्हता, तरी तो परत आला होता. "धान हाये म्हणून हात दाखवून राहिलो होतो नं बे!"

"मले वाटलं, तू मागं राह म्हणून राहिला."

त्याने माझा कोपर बांधला आणि मग त्या म्हाताऱ्यासोबत तासभर धान गोळा करत बसला. मीही बसलो, एका हाताने. तरी माझं मत काही बदललं नाही. माणूस एकदा मत करून बसला की कोपर फुटूनही ते फुटत नाही.

आमची शेवटची फेरी तो जाण्याच्या अकरा दिवस आधीची. त्या दिवशी उंट फार हळू चालला होता. दोन वळणांनंतर प्रमोदने हाताने खुणावलं, जा पुढे. सहा वर्षांत पहिल्यांदा! मी जो सुटलो तो आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवरच थांबलो आणि तो येईपर्यंत माझा आलुबोंडा खाऊन झाला होता. "काहून बे, थकला का तुहा उंट?" मी विचारलं. तो छातीवर हात फिरवत म्हणाला, "जळजळ होऊन राहिली. हाये का एखादी गोळी?" मेडिकलवाल्याच्या खिशात गोळी असतेच. मी त्याला ॲसिडिटीची गोळी दिली आणि पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो, की शेवटी नाकतोडाच जिंकला.

अशी जळजळ कधी कधी हृदयाची असते, हे मला माहीत होतं. दुकानात कोणी परका माणूस आला असता तर मी त्याला ईसीजी काढून यायला सांगितलं असतं. प्रमोदला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी मला जिंकायचं होतं. लिहून टाकावं असं जे म्हणालो, ते हेच.

तेरवीनंतर प्रमोदच्या बायकोने, ज्योत्स्नावहिनींनी, बोलावलं. गाडी उभी राहून बॅटरी बसून राहिली, अधूनमधून फिरवून आणता का, असं विचारत होत्या. अंगणात उभ्या उभ्याच मी त्यांना गोळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बी ओवाच देऊन राहिली होती भाऊजी." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी पहिल्यांदाच उंटावर बसलो. उंची आमची सारखीच. उजव्या आरशात मागचं फाटक नीट दिसलं. डावा मात्र बराच खाली झुकलेला, त्यात नुसती जमीन. सैल झाला असेल म्हणून मी हात घातला, तर तो पक्का आवळलेला होता.

"त्या आरशाले हात नोका लावू," वहिनी म्हणाल्या. "मी एकदा पुसताना हलवला तं केवढे रागावले होते. म्हणे, तो नाकतोडा वाकून चालवते, सरळ ठेवला तं त्यात सापडत नाही."

मी गाडीवरून उतरलो आणि पुन्हा चढलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

आता दर रविवारी मी वरठीला जातो, उंट काढतो आणि त्याच रस्त्याने जाऊन येतो. वळणावर तो खरंच आळशी आहे, माझं काही चुकलं नव्हतं. आणि झुडपांच्या वरून खरंच सगळं आधी दिसतं. डावा आरसा आहे तसाच आहे. मागून येणारी वाहनं त्यात दिसत नाहीत, ती मी उजव्यात पाहतो. डाव्यात फक्त रस्त्याचा एक तुकडा दिसतो, बसकी गाडी आणि वाकलेला माणूस मावेल एवढा. प्रत्येक वळणाआधी मी तिकडे पाहतो. तिथे मी नसतो.