पलंगावरची बाजरी

दसरा झाला की शिरूर कासारकडच्या आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. माझे थोरले दीर आणि जाऊबाईही जातात. जाताना ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, तिथं राहायला बांधायच्या कोपीची ताडपत्री आणि घरची बाजरी चढते. उसाच्या फडावर पहाटे उठून थापायच्या त्या भाकरी याच बाजरीच्या. त्या वर्षी ऐन काढणीत पाऊस बसला आणि बाजरी पोत्यात पडते की नाही, याचाच आम्हाला घोर लागला.

उघडीप साधून दिरांनी कणसं खुडून आणली, अंगणात ढीग घातला आणि कोपीची नवी ताडपत्री त्यावर गच्च आवळून बांधली. कोपीत माणसं कोरडी राहतात, मग कणसं का नाही राहणार, असा त्यांचा हिशेब. दोन दिवसांनी जाऊबाईंनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच मागे घेतला. ओली कणसं आतल्या आत तापून वाफाळली होती. हाताचा वास घेऊन त्या ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागल्या. बाहेर भुरभुर चालू आणि ही ढीग उघडा करतेय म्हटल्यावर दीर भडकले. मलाही वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

माझं डोकं फिरलं ते त्यानंतर. घरात धड चालणारा पंखा एकच, तो माझ्या खोलीत. माझ्या माहेरहून आलेला पलंगही तिथेच. जाऊबाईंनी मला न विचारता कणसांची पहिली पाटी त्या पलंगावर ओतली. मी चांगलीच फणकारले. त्या रिकामी पाटी उचलून पुढची कणसं आणायला निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, “झोपायला भुई हाय. भाकरीला दुसरं काय हाय?”

मग मीही निवडायला बसले. काळी पडलेली, बुरसलेली, कोंब फुटलेली कणसं बाजूला काढायची आणि चांगली पंख्याखाली पसरायची. एखाद्या कणसाची शंका आली तरी ते टाकायला जीव धजायचा नाही, मी ते चांगल्यांत ढकलायचे. जाऊबाई ते उचलून बुरसलेल्यांत टाकायच्या. लाईट गेली की सुपानं वारा घालायच्या, आली की कणसं खालीवर करायच्या. आठवडाभर आम्ही सगळे ओसरीत दाटीवाटीनं झोपलो, घरभर कुबट वास. मी रोज कुरकुरत होते. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. तो नेट माझ्यात नाही, याचा मला अजून हेवा वाटतो.

बुरसलेला ढीग चांगल्यापेक्षा मोठा झाला. निदान शेरडांना तरी घालू, असं दीर म्हणाले. मुक्या जितराबाचं पोट दुखलं तर ते सांगणार कुणाला, असं म्हणून जाऊबाईंनी तेही होऊ दिलं नाही. बांधाच्या कडेला खड्डा घेऊन त्यांनी सगळं पुरलं. स्वतः पेरलेलं, खुरपलेलं धान्य मातीत लोटताना त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. त्या दिवशी दीरही फावडं घेऊन त्यांच्याबरोबर माती ओढत होते.

पुढे ऊन पडलं. कणसं बडवून, पाखडून जेमतेम एक पोतं भरलं. दिसायला बाजरी बरी होती, पण आत बुरशी शिरून पीठ कडू झालं नसेल, याचा काय भरवसा? आमच्यात नव्या बाजरीची पहिली भाकर बांधावरच्या म्हसोबाला जाते, त्याआधी कुणी तोंडाला लावत नाही. सासूबाई निवदाचं ताट घेऊन चुलीपाशी बसल्या होत्या. जाऊबाईंनी तव्यावरची भाकर काढली, मोडली आणि घास स्वतःच्या तोंडात घातला.

“अगं, देवाच्या आधी?” सासूबाईंचा आवाज चिरकला.

“कडू निघाली तर देवाला कशाला, आत्याबाई? आधी मला कळू द्या.”

त्या सावकाश चावत राहिल्या. दीर दारात उभे होते, मी पिठाची परात धरून बसले होते. मग त्यांनी घास गिळला.

“गोड हाय,” त्या म्हणाल्या, आणि म्हसोबासाठी दुसरी भाकर करायला त्यांनी पिठाचा गोळा घेतला. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. मोडलेली भाकर उचलून स्वतःच्या हातानं ताटात ठेवली.

“हीच नेती मी,” त्या म्हणाल्या.

त्या वर्षी म्हसोबाला उष्टी भाकर गेली, आणि पोतं ट्रॅक्टरवर चढलं.