सात नंबरच्या घोडीची नोंद

संशोधन केंद्राच्या तबेल्यात त्यांना सगळे ‘कारकून’ म्हणत. खरं तर त्यांचं आयुष्य गेलं घोड्यांच्या पायाशी. खरारा, चारा, बाळंतपणं, आजारपणं यांत चोवीस वर्षं कशी सरली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण अक्षर असं की छापील वाटावं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नवा अभ्यास सुरू केला, तेव्हा नोंदवही आपसूक त्यांच्याकडे आली.

अभ्यास गाभण घोड्यांचा होता. काही घोड्यांच्या वारेला, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या आवरणाला, खालून संसर्ग होतो आणि दिवस भरायच्या आत गर्भ पडतो. त्याची खूण आधी बाहेरून दिसते का, दिसली तर किती दिवस आधी, हे बाईंना शोधायचं होतं. वीस घोड्या होत्या. रोज सकाळी प्रत्येकीची शेपूट उचलून स्राव आहे का ते बघायचं, कासेला हात लावायचा, आणि वहीत लिहायचं. काम सोपं होतं. सात नंबरची घोडी सोडून.

सात नंबरला तबेल्यात ‘सासूबाई’ म्हणत. तिला कुणाचंच काही पटत नसे. आदल्या वर्षी तपासणीच्या लाकडी खोड्यातून सोडताना तिने कारकुनांच्या मांडीवर अशी लाथ घातली की सहा आठवडे ते अंथरुणाला खिळले. परत आले तेव्हा जो तो विचारी, “काय जावईबापू, पाहुणचार आवडला का?” तेही हसले. हसण्यावारी नेलं खरं, पण त्या दिवसापासून तिच्या मागे उभं राहिलं की त्यांना ती लाथ आठवायची आणि ते दोन पावलं मागे सरायचे. चोवीस वर्षांचा घोडेवाला घोडीला घाबरतो, हे सांगणार कुणाला? एक शब्द टाकला असता तर दोघं जण धावत आले असते. पण तो शब्द काही तोंडातून निघाला नाही.

मग एका सकाळी त्यांनी दारातूनच सासूबाईंकडे पाहिलं. चारा खात होती, कान ताठ होते. त्यांनी लिहिलं, ‘साफ’. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर दारापर्यंतही गेले नाहीत. असे अकरा दिवस. वहीतलं अक्षर मात्र जसंच्या तसं सुरेख.

बाराव्या सकाळी सासूबाई मान खाली घालून उभी होती आणि मागे पेंढ्यात, अकराऐवजी आठव्याच महिन्यात पडलेलं, मेलेलं शिंगरू होतं. इवलेसे खूर, पापण्या मिटलेल्या. कारकून दाराला धरून उभे राहिले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी वार पसरली, बोट फिरवलं. एका टोकाला ती जाड झाली होती, वर तपकिरी चिकट थर होता.

“हे काही कालचं नाही,” त्या म्हणाल्या. “आठवडा तरी झाला असेल. काका, शेपटीखाली खरंच काही दिसलं नव्हतं?”

त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण चार माणसं बघत होती.

“नाही मॅडम. साफ होतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. “नवल आहे,” म्हणाल्या, आणि विचारात पडल्या.

त्या नवलातूनच पुढचं सगळं झालं. चार महिन्यांनी अहवाल तयार होऊन छापला गेला. त्यात सात नंबरला सबंध एक पान मिळालं होतं. अत्यंत काळजीपूर्वक पाहूनही अकरा दिवस कोणतीही बाह्य खूण आढळली नाही, तेव्हा रोजच्या तपासणीवर विसंबण्यात अर्थ नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. शेवटी आभारांत पहिलं नाव कारकुनांचं. बाईंनी एक प्रत त्यांना घरी न्यायला दिली. “तुमच्यामुळेच झालं हे, काका.”

घरी लेकीने आभाराची ओळ आईला दोनदा वाचून दाखवली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती; तिने मागचं-पुढचंही वाचलं. जेवताना म्हणाली, “बाबा, पण अकरा दिवस रोज बघून काहीच कसं नाही दिसलं? स्राव तर असणारच ना?”

कारकुनांनी भात कालवायला घेतला.

“आता हे वाचून बाकीचे लोक रोज बघायचं बंद करतील, नाही?” लेक सहज बोलून गेली.

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर त्यांना वाटत होतं, गेलं ते एक शिंगरू. आता कुठल्या कुठल्या तबेल्यांत लोक शेपूट उचलणं सोडून देणार, आणि ते ‘कारकुनांनी पाहिलं होतं’ म्हणून! ताटावरून उठून ते मोरीत गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले. मागून बायको आली. “काय झालंय?” तिने विचारलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने हात पुढे करून नळ बंद केला. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग?”

सकाळी ते बाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“मॅडम, सात नंबरला मी बघितलंच नव्हतं.”

“कधी?”

“अकराही दिवस. भीती वाटायची तिची. बसल्या जागी ‘साफ’ लिहीत गेलो.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आणि बाकीच्या एकोणीस?”

“त्यांचं सगळं खरं आहे, मॅडम. शपथ घेऊन सांगतो.”

“ते मी आता कशावरून मानू, काका?”

कारकुनांना वाटलं होतं, खोटं एका पानापुरतं आहे, तेवढं पान फाडलं की झालं. पण बाईंनी वही मिटून बाजूला सारली, तेव्हा कळलं की सबंध वहीच गेली. दोन वर्षांचं काम. शेकडो सकाळी थंडीवाऱ्यात हात लावून पाहिलेलं, लिहिलेलं, सगळं खरं असूनही पाण्यात.

“ते शिंगरू वाचलं असतं का?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही. वेळेत औषध दिलं तर पुष्कळदा वाचतं.” मग पेनाला टोपण लावत, “मी तुम्हाला विचारलं होतं तेव्हा सांगायचं होतंत.”

अहवाल मागे घेतला गेला. त्याचं कारण तबेल्यात कारकुनांनी स्वतःच सांगितलं, पंधरा माणसांपुढे, जमिनीकडे बघत. कुणी हसलं नाही, हेच त्यांना सोसवेना. नोकरी राहिली, पण वही त्यांच्या हातून गेली. पुढच्या हंगामात अभ्यास पहिल्यापासून सुरू झाला. प्रत्येक घोडीला दोघांनी बघायचं, दोघांनी सह्या करायच्या, असा नियम आला. तो नियम कुणामुळे आला ते नव्या माणसांनाही पहिल्याच दिवशी कळत असे.

सासूबाई पुन्हा गाभण राहिली. तिच्या दाराशी कारकून रोज सकाळी थांबतात आणि जोडीदाराला स्पष्ट सांगतात, “मला हिची भीती वाटते. तू डोकं धर, मग मी मागे जातो.” मग जातात आणि शेपूट उचलतात. सातव्या महिन्यात एका सकाळी शेपटीखाली पुसटसा ओला डाग दिसला. त्यांनी बाईंना बोलावलं, औषध सुरू झालं, आणि दिवस भरल्यावर किडकिडीत पण जिवंत शिंगरू झालं.

बाई म्हणाल्या, “बरं झालं लवकर दिसलं.”

कारकुनांनी मान हलवली. शिंगरू उभं राहायची धडपड करत होतं. बाकीचे कौतुकाने पुढे सरकले. ते मात्र बादली उचलून पाणी आणायला गेले.